दहा सेंटांचें पुस्तक

पुस्तक हें वाचावयाचें असतें, ही माझी समजूत जवळजवळ तीस वर्षें महाविद्यालयांत शिकवूनहि ढळली नव्हती. ती ढळविली माझ्या पुतण्यानें. हा गृहस्थ (त्याला गृहस्थ म्हणतांना मला अजून हसूं येतें) अमेरिकेंत न्यू जर्सीला इंजिनिअर आहे आणि तिकडच्या चित्रकथांचे जुने अंक जमविण्याचा त्याला षोक आहे. गेल्या उन्हाळ्यांत मी त्याच्याकडे गेलों असतां त्यानें मोठ्या अदबीनें एक अंक माझ्या हातीं दिला. अंक कसला, टणक, पारदर्शक प्लॅस्टिकची ती एक बंद पेटी होती. वरच्या कोपऱ्यांत गुणांचा आंकडा! "काका, उघडूं नका हं," तो म्हणाला. पेटी फोडल्यावांचून तो उघडतच नाहीं. आणि फोडली कीं गुण गेले, व गुणांबरोबर किंमतहि गेली.

हे गुण देणारी एक कंपनी २००० सालीं तिकडे निघाली. अर्ध्यापासून दहापर्यंत गुण. घडी पडली, टांचणी गंजली, पान पिवळें झालें कीं गुण कापावयाचे. आंत कथा काय आहे याची चौकशी नाहीं. मीं जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या. मजकूर न वाचतां नुसत्या कागदाला गुण देण्याची ही सुखाची सोय आमच्या विद्यापीठाला अद्याप सुचलेली नाहीं.

या साऱ्या वेडाचें मूळ १९३८ च्या जून महिन्याच्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकांत आहे. किंमत दहा सेंट. निळ्या पोषाखाचा आणि तांबड्या उपरण्याचा सुपरमॅन त्यांत प्रथम अवतरला. त्याचे जनक जेरी सीगेल व जो शूस्टर हे क्लीव्हलंडचे दोन तेवीस वर्षांचे तरुण. त्यांनीं आपल्या मानसपुत्रावरील सर्व हक्क १३० डॉलरांस लिहून दिले. त्याच अंकाची एक उत्तम प्रत २०२४ सालीं साठ लाख डॉलरांस विकली गेली. पण मला त्याहून विलक्षण वाटली ती दुसरीच गोष्ट. ज्या चेकानें ते १३० डॉलर चुकते झाले, तो चेकसुद्धां जपून ठेवलेला होता, आणि २०१२ सालीं लिलांवांत त्याला १,६०,००० डॉलर आले! खुद्द त्या दोघांना मात्र १९७५ सालीं, सुपरमॅनचा मोठा चित्रपट येऊं घातला असतां, वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर, वार्षिक वीस हजार डॉलरांचें निवृत्तिवेतन प्रत्येकीं मिळालें आणि कथेवर नांव लागलें. तोंवर त्यांनीं साठी ओलांडली होती.

अंक दुर्मिळ होतात ते जपल्यामुळें नव्हे, टाकल्यामुळें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत रद्दी कागद गोळा करण्याची मोहीम निघाली, तींत हे अंक गाड्याच्या गाड्या गेले. जे वाचले ते आयांनीं फेकले. एखादीच आई निराळी. कॅलिफोर्नियांत तीन भावांना मृत आईच्या माळ्यावर, खोक्यांत, 'सुपरमॅन'चा १९३९ चा पहिला अंक सांपडला. २०२५ च्या नोव्हेंबरांत त्याला ९१ लाख २० हजार डॉलर मिळाले. आमच्या मातोश्रींनीं माझे 'इंद्रजाल'चे सारे वेताळ रद्दीवाल्याला वजनावर दिले, व आलेल्या पैशांची कोथिंबीर घेतली. (कोथिंबीर ताजी होती, असें त्या शेवटपर्यंत सांगत.) याच्या उलट, १९९१ सालीं 'एक्स-मेन'चा एक पहिला अंक पुढें किंमत येईल म्हणून लोकांनीं जपून ठेवला. ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या. सर्वांनींच जपल्यामुळें आज त्याला कोणी विचारीत नाहीं.

पुढें चित्रपटवाले आले. १९९६ सालीं जिचें दिवाळें वाजलें होतें, त्या मार्व्हल कंपनीनें २००५ सालीं आपल्या दहा नायकांचे चित्रपट-हक्क गहाण टाकून ५२ कोटी ५० लाख डॉलरांचें कर्ज उभारलें. देवघरांतल्या मूर्ति सावकाराकडे ठेवण्याचाच हा प्रकार! पण २००८ च्या 'आयर्न मॅन'नें डाव जिंकला. पुढच्याच वर्षीं डिस्नीनें सबंध कंपनी सुमारें ४०० कोटी डॉलरांस घेतली, आणि २०१९ च्या एका चित्रपटानें जगभर सुमारें २८० कोटी डॉलर गोळा केले. लाट ओसरलीहि, २०२३ च्या 'द मार्व्हल्स'ला बावीस कोटीसुद्धां गांठतां आले नाहींत. मात्र या धंद्याचा जुन्या कागदावर चमत्कारिक परिणाम झाला. एखादा दुय्यम वीर पडद्यावर येणार अशी नुसती कुजबूज झाली, कीं तो ज्या अंकांत प्रथम दिसला त्याची किंमत एका रात्रींत चढते. चित्रपट लागला कीं ती बहुधा उतरते. आमच्याकडे कांद्याचा भाव असाच चालतो, पण कांदा निदान खातां येतो.

देवघेवीची एक रीतहि या मंडळींत रूढ आहे, व ती मला आवडली. "घेतला" असें प्रथम म्हणेल त्याचा अंक. ठरलेली किंमत मागाहून पाडूं नये. कडा छाटली असेल, रंग पुन्हां भरला असेल, तर विचारण्यापूर्वीं सांगावें. पुतण्या हें सांगत असतां सूनबाई मुकाट्यानें चहा ओतीत होती. मग तिनें त्याला म्हटलें, "त्या आजीबाईंचें सांगा ना काकांना."

गोष्ट दोन वर्षांपूर्वींची. तिकडे घरापुढें जुन्या वस्तू मांडून विकण्याची चाल आहे. शेजारच्या गल्लींत एका वृद्ध विधवेनें नवऱ्याचीं पुस्तकें मांडलीं होतीं. कोणताहि अंक एक डॉलर. त्यांत पुतण्याला असा एक अंक दिसला, कीं ज्याच्या नायकाचा चित्रपट नुकताच जाहीर झाला होता. भाव दोन हजारांवर गेलेला. पुतण्याची नोकरी सुटून पांच महिने झाले होते. विकणारा दुकानदार असेल तर त्याचें अज्ञान हें आपलें भाग्य, असें मानण्यास त्यांची रीत मुभा देते. विकणारा धंद्यांतला नसेल तर काय, याविषयीं त्यांच्यांतच एकमत नाहीं. पुतण्यानें खिशांतला डॉलर चांचपला, आणि बाईंना खरा भाव सांगितला. बाईंनीं आभार मानले, सगळेंच खोकें आंत नेलें, व दुसऱ्या आठवड्यांत एका व्यापाऱ्याला विकलें. पुतण्याला एकहि अंक मिळाला नाहीं.

"तुम्ही असतां तर काय केलें असतें, काका?" सूनबाईनें विचारलें. तिच्या आवाजांत राग नव्हता. तो दोन वर्षांत निवळून हिशेबापुरता उरला होता. मीं शांतिपर्वांतील तुलाधाराची कथा काढली. काशींतला तो वाणी. त्याचा तराजू सर्वांना सारखा, आणि जाजलीसारखा तपस्वी धर्म विचारावयाला त्याच्या दुकानीं आला. तिनें सारें ऐकून घेतलें.

"त्याला घराचा हप्ता होता का?" ती म्हणाली.

महाभारतांत याचा उल्लेख नाहीं, असें मीं तिला सांगितलें.