सेवाल्डला द्यायला हवं होतं का?

कूलरला लाथ मारून पाय मोडून घेतलेला खेळाडू मी त्याआधी पाहिला नव्हता. 19 जुलै 2023ची गोष्ट. सिअ‍ॅटल मरिनर्सचा जॅरेड केलेनिक स्ट्राइकआउट झाला, डगआउटमागं गेला आणि पाण्याच्या कूलरवर राग काढला. डाव्या पायाचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर माफी मागताना बिचारा रडला. माझा रूममेट तो व्हिडिओ तीनदा बघून म्हणाला, "भावा, आमच्या कोल्हापुरात आउट झाल्यावर बॅट आपटतात. कूलरशी कुस्ती कोण खेळतं?"

आम्ही दोघं तेव्हा बेलव्ह्यूत राहायचो. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, कंपन्या वेगवेगळ्या, दोघंही व्हिसावर. बेसबॉलचा नाद लागला तो स्वस्त तिकिटांमुळं. 550 नंबरची बस पकडायची, तलावावरून सिअ‍ॅटलला उतरायचं, चालत स्टेडियम गाठायचं आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर बसायचं. शेजारून मालगाड्या भोंगे वाजवत जातात. खाली काय चाललंय ते पहिले चार-पाच गेम मला कळत नव्हतं. बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे नुसते फुलटॉसच की!"

सीझन असतो 162 गेमचा. मार्चच्या शेवटी सुरू होतो आणि जवळजवळ रोज एक गेम असं करत ऑक्टोबरपर्यंत चालतो. आपल्याला आयपीएलचे 14 साखळी सामने सुद्धा लांबल्यासारखे वाटतात. इथं एक गेम हरलात तर कुणी जेवण टाकत नाही, उद्या परत आहेच. आणि जुलै आला की प्रत्येक शहरात एकच वाद पेटतो: आपली टीम खरंच चांगली आहे की नुसती बरी आहे? कारण ट्रेडची मुदत तोंडावर असते. त्या वर्षी ती 1 ऑगस्टला होती. टीम चांगली वाटत असेल, तर आपली तरणी पोरं देऊन तयार खेळाडू आणायचा. आशा नसेल, तर तयार खेळाडू देऊन तरणी पोरं घ्यायची. हार्दिक पंड्या गुजरातमधून मुंबईत आला तेव्हा आपल्याकडं केवढा गहजब झाला होता, आठवा. तो तरी दोन सीझनच्या मधल्या काळात आला. इथं माणूस सकाळी एका शहरात असतो, रात्री दुसऱ्या गणवेशात. आणि बहुतेकांना नाही म्हणायचा हक्क नसतो. लीगमध्ये दहा वर्षं झाली आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच टीममध्ये काढली, तरच खेळाडू ट्रेड अडवू शकतो. तिथवर फार थोडे पोचतात.

2023च्या जुलैत मरिनर्स धड इकडं नव्हते, धड तिकडं नव्हते. हरलेल्यापेक्षा जिंकलेले गेम थोडेसेच जास्त. रॉबी रे हा मोठ्या पगाराचा पिचर सीझनमधला पहिलाच गेम खेळून जायबंदी झाला आणि कोपराच्या ऑपरेशनसाठी वर्षभर बाहेर गेला. त्याच्या जागी ब्राइस मिलर आणि ब्रायन वू ही नवी पोरं आली आणि चक्क चांगली निघाली. पिचिंग उत्तम होतं, बॅटिंगचा मात्र आनंद होता. ऑफिसच्या किचनमध्ये रोज खल चालायचा.

आमच्या टीममध्ये पन्नाशी ओलांडलेला एक सीनियर होता, जन्म इथलाच. रूममेटनं त्याचं नाव ठेवलं होतं 'किंगडोम काका', कारण कुठलाही वाद तो किंगडोममध्ये नेऊन संपवायचा. किंगडोम म्हणजे मरिनर्सचं जुनं स्टेडियम. 2000 साली ते सुरुंग लावून पाडलं. काकाचं पहिलं हत्यार 1995. त्या मे महिन्यात केन ग्रिफी ज्युनियर कॅच घेताना भिंतीवर आदळला, मनगट मोडलं. ऑगस्टच्या सुरुवातीला टीम 13 गेमनं मागं होती. ग्रिफी परतला, टीमनं एंजल्सना गाठलं, शेवटी टायब्रेकरमध्ये हरवलं, मग यांकीजनाही. म्हणून जुलैत आशा सोडायची नाही. काकाचं दुसरं हत्यार याच्या बरोबर उलटं: 31 जुलै 1997. त्या दिवशी मरिनर्सनी हीथक्लिफ स्लोकम नावाच्या रिलीव्हरसाठी जेसन व्हॅरिटेक आणि डेरेक लो ही दोन पोरं बोस्टनला देऊन टाकली. 2004मध्ये बोस्टननं 86 वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा ते दोघंही त्या टीममध्ये होते. म्हणून जुलैत घाई करायची नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. त्यांची बेरीज कशी करायची, ते काका सांगत नसे.

31 जुलै 2023ला बातमी आली की पॉल सेवाल्ड अ‍ॅरिझोनाला गेला.

सेवाल्ड आमचा क्लोजर. क्लोजर म्हणजे शेवटचं षटक टाकणारा बोलर समजा. आघाडी हातात आहे, ती टिकवायची, एवढंच काम. आधी तो न्यूयॉर्क मेट्सकडं होता. तिथं चार सीझनमध्ये त्याच्या नावावर 1 विजय आणि 14 पराभव. त्यांनी सोडून दिल्यावर सिअ‍ॅटलनं त्याला मायनर लीगच्या करारावर घेतलं आणि इथं येऊन तो दुसराच माणूस झाला. रूममेटचा तो सगळ्यात लाडका. "टाकाऊ म्हणून फेकलेला माणूस आहे," तो म्हणायचा, "आणि बघ."

त्याच्या बदल्यात आले इन्फिल्डर जॉश रोहास, आउटफिल्डर डॉमिनिक कॅन्झोन आणि मायनर लीगमधला रायन ब्लिस. काका भडकला. क्लोजर विकतात ते आशा सोडलेले लोक, त्याचं म्हणणं. मी उलट बाजूनं उभा राहिलो, आणि हे मला नीट आठवतंय कारण मी व्हाइटबोर्ड वापरला होता. वय 33. करार पुढच्या वर्षापर्यंतच. रिलीव्हरचा भरवसा नसतो, यंदाचा हिरो पुढच्या वर्षी घरी. एका गेममध्ये एकच इनिंग टाकणाऱ्या माणसाच्या बदल्यात रोज खेळू शकणारी तीन माणसं मिळतात. आपल्याकडं आंद्रेस मुन्योझ आहेच. किंमत सगळ्यात वर असताना विकायचं. मी खूश होतो. माझा मुद्दा अजूनही मला बरोबर वाटतो, हीच तर पंचाईत आहे.

संध्याकाळी घरी तेच भाषण रूममेटला दिलं. तो भांडी घासत होता. म्हणाला, "त्याला कुणी विचारलं का?"

त्याच आठवड्यात, शुक्रवारी 4 ऑगस्टला, त्याची नोकरी गेली. सकाळी मेल आला, दुपारी लॅपटॉप बंद. काम वाईट होतं असं कुणी म्हणालं नाही. त्याच्या पूर्ण टीमचं कामच बंद केलं होतं. एच-वन-बीवर असाल तर शेवटच्या दिवसापासून 60 दिवस मिळतात. त्यात दुसरी नोकरी शोधा किंवा व्हिसाची दुसरी काही सोय लावा, नाहीतर निघा. बेसबॉलमध्ये लांबच्या दुखापतीसाठी 60 दिवसांची यादी असते. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर 3 ऑक्टोबरला गोल केला आणि बाजूला लिहिलं, '60 डे आयएल'. आम्ही दोघं हसलो. मग तो बराच वेळ बाथरूममध्ये होता.

ऑगस्टमध्ये मरिनर्स वेड्यासारखे खेळले. 21 जिंकले, 6 हरले. टीमच्या इतिहासात असा महिना झाला नव्हता. हुलिओ रॉड्रिगेझनं सलग चार गेममध्ये मिळून 17 हिट मारले, तो तर सगळ्या लीगचा विक्रम. रोहास आणि कॅन्झोनही हातभार लावत होते. किचनमध्ये मी काकाकडं बघून नुसती भुवई उडवायचो. घरी रूममेट सकाळी अर्ज, दुपारी इंटरव्ह्यूची तयारी आणि संध्याकाळी गेम. दिवसातले तेच तीन तास तो फोन उलटा ठेवायचा.

आता जे सांगायचं आहे ते मी बरीच वर्षं टाळलंय.

सप्टेंबरच्या मध्यावर आमच्या कंपनीत शेजारच्या टीममध्ये जागा निघाली. मी त्याचं नाव दिलं. दोन दिवसांनी तिथली मॅनेजर कॉफी घ्यायला आली असताना म्हणाली, तू त्याला ओळखतोस, कसा आहे? साधा प्रश्न होता. आणि मी विचार करायला लागलो. माझ्या डोळ्यांसमोर खरोखर व्हाइटबोर्ड आला. कोडिंग चांगलं, सिस्टम डिझाइन बरं, इंग्रजीत बोलताना अडखळतो, दबावाखाली गप्प होतो. मी त्याच्या नावापुढं माझं नाव लावलं आणि तो चालला नाही, तर? माझ्याही व्हिसाचं नूतनीकरण पुढं होतं. मी म्हणालो, "चांगला आहे. सॉलिड." जरा थांबून म्हणालो, "ठीक आहे."

खोटं काहीच नव्हतं. पण रेफरन्स देताना 'ठीक आहे' याचा अर्थ काय होतो, ते मलाही माहीत होतं आणि तिलाही. त्याला इंटरव्ह्यूला बोलावणं आलं नाही. माझ्यामुळं नसेलही, त्या महिन्यात शेकडो लोक एकेका जागेसाठी रांगेत होते. ही शक्यता मी स्वतःला टक्केवारीत अनेकदा सांगितली आहे.

सप्टेंबरात टीमचे पाय घसरले. 30 तारखेला, शनिवारी, टेक्सासकडून हरून आम्ही प्लेऑफच्या बाहेर पडलो. 88 विजय. टोरांटोनं 89 जिंकून जागा घेतली. एका गेमचं अंतर! हॉलमध्ये दोन उघड्या बॅगा होत्या, एकीच्या तळाशी प्रेशर कुकर. 88 विजयांतला सेवाल्डशिवाय हातचा गेलेला एखादा गेम शोधायला मी यादी उघडली. तो म्हणाला, "राहू दे की." 2 तारखेला मी त्याला विमानतळावर सोडलं. येताना रेडिओ लावला नाही.

त्याच आठवड्यात मरिनर्सचे कर्तेधर्ते जेरी डिपोटो पत्रकारांसमोर बोलले. त्यांचा हिशोब असा की दर वर्षी जीव तोडण्यापेक्षा दहा वर्षं सरासरी 54 टक्के गेम जिंकत राहिलात, तर कधीतरी वर्ल्ड सिरीज मिळतेच. शहर पेटलं. पंख्यांना तोंडावर टक्केवारी सांगतात का? गंमत म्हणजे 162 पैकी 88 म्हणजे 54.3 टक्के. हिशोबानं आमचं सगळं बरोबर चाललं होतं.

आणि सेवाल्ड? अ‍ॅरिझोना फक्त 84 गेम जिंकून प्लेऑफमध्ये शिरलं आणि थेट वर्ल्ड सिरीजमध्ये पोचलं. तोवरच्या प्लेऑफमध्ये सेवाल्डनं एकही रन दिली नव्हती. काकानं मला रोज सकाळी स्कोअर पाठवायचा नेम धरला. 27 ऑक्टोबरला पहिला गेम. अ‍ॅरिझोना 5-3नं पुढं, नववी इनिंग, बॉल सेवाल्डच्या हातात. कोरी सीगरनं दोन रनांचा होम रन ठोकून बरोबरी केली, अकराव्या इनिंगमध्ये टेक्सास जिंकलं आणि पुढं सिरीजही. माझा व्हाइटबोर्ड बरोबर ठरला की काका बरोबर ठरला? मला त्या क्षणी एवढंच दिसलं की सेवाल्ड डोकं खाली घालून उभा आहे. पुण्यात सकाळचे साडेआठ वाजले असतील. फोन वाजला. रूममेटचा मेसेज: "शिव्या देऊ नकोस त्याला."

तो आता पुण्यात काम करतो. इथला संध्याकाळी 6.40चा गेम तिथं सकाळी 7.10ला सुरू होतो. तो हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये बसून बघतो. 2024च्या जूनमध्ये आम्ही ह्यूस्टनच्या 10 गेम पुढं होतो, आणि जुलैत ती आघाडी विरून गेली. त्यातच हुलिओ भिंतीवर आदळून घोटा दुखावून बसला. मॅनेजरची नोकरी ऑगस्टमध्ये गेली. टीम परत एका गेमनं हुकली. "ह्यांना एकाच गेमचं वावडं आहे काय?" असं त्यानं लिहिलं होतं.

2025च्या जानेवारीत मी सुट्टीवर आलो, तेव्हा त्याला मिसळ खाताना सांगितलं. त्या मॅनेजरचं, कॉफीचं, 'ठीक आहे'चं. तो पाव मोडत होता, तो मोडत राहिला. मग म्हणाला, "सॉलिड म्हणालास ना आधी?"

"हो."

"मग नंतर बोलायची काय गरज होती?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यानं आणखी एक कट मागवला, बिल स्वतः दिलं. पुढचे दोन महिने मेसेज आला नाही. सीझन सुरू झाल्यावर आला, फक्त लाइनअपचा फोटो.

त्या जुलैत मरिनर्सनी जॉश नेलर आणि युहेनिओ सुआरेझ दोघांनाही आणलं, दोघंही अ‍ॅरिझोनाकडूनच. सुआरेझला तर 2023च्या नोव्हेंबरात यांनीच तिकडं दिलं होतं. कॅल रॅली या कॅचरनं 60 होम रन मारले. टीम वर्ल्ड सिरीजपासून एका पायरीवर होती. तिथं आजवर न पोचलेली ही एकमेव टीम. टोरांटोविरुद्ध पाचव्या गेममध्ये सुआरेझनं बेस भरलेले असताना होम रन मारला आणि पुण्याहून पहाटे फोन आला, नुसता आरडाओरडा. मग सातवा गेम. 3-1नं पुढं, आठ माणसं बाद करायची बाकी, दोन रनर बेसवर. मॅनेजर डॅन विल्सननी बॉल एदुआर्द बाझार्दोच्या हाती दिला. मुन्योझ आत बसून होता. जॉर्ज स्प्रिंगरनं तीन रनांचा होम रन मारला. 4-3. संपलं.

तिकडं दिवाळीची सकाळ होती. काका मला ऑफिसच्या चॅटवर 1995 पाठवत होता. मी रूममेटला लांबलचक मेसेज लिहायला घेतला: सातव्या इनिंगमध्येच क्लोजर आणला असता तर नवव्यात कोण, बाझार्दोचे त्या वर्षीचे आकडे काय. अर्धा लिहून पुसला. तेवढ्यात त्याचाच आला. ताटातल्या चकलीचा फोटो, आणि खाली:

"मुन्योझला विचारलं का कुणी?"