पेला विसळायचा कोणी?

खरकट्याला आपला हात लागू नये म्हणून आपण फार जपतो; ते खरकटे पुढे जाते कुठे, याची चौकशी मात्र सहसा करीत नाही. दिंडोरीत वणीच्या रस्त्यावर चहा घेताना मला हे हटकून आठवते. चहा प्यावा आणि मुकाट्याने उठावे, हे खरे शहाणपण! पण हातातल्या कागदी पेल्याच्या पोटात प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. तो नसता तर चहा दोन घोटांतच मांडीवर आला असता.

या थरापर्यंत सरकारला पोहोचायला बरीच वर्षे लागली. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबई बुडाली, तुंबलेल्या गटारांचा दोष पिशव्यांवर आला, आणि २००६ साली राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई केली. मग २३ मार्च २०१८ ची अधिसूचना निघाली. एकदाच वापरायची ताटे, पेले, चमचे, थर्मोकोल, सगळे त्यात आले. दंड पहिल्या खेपेला ५ हजार, दुसऱ्या खेपेला १० हजार. तिसऱ्या खेपेला २५ हजार आणि वर तीन महिन्यांची कैद. १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही बंदी आली, आणि त्याच महिन्यात राज्याने प्लॅस्टिकचा मुलामा दिलेले कागदी पेलेही यादीत बसविले.

आमच्या चहावाल्याने २०१८ च्या पावसाळ्यात इमानाने काचेचे पेले काढले होते. बादलीपाशी एक मावशी बसली. चार महिने पेल्यांचा किणकिणाट ऐकून मला तर जुने दिवस परत आल्यासारखे वाटले. पण आमचा तालुका द्राक्षांचा. ऑक्टोबरची छाटणी उरकली की बागांतून माणसांची ओढाताण सुरू होते. मावशी बागेत गेली. थंडीत पहाटेपासून गार पाण्यात हात घालून बसण्यापेक्षा घडांची विरळणी पत्करली, आणि रोजही बरा. तिचे काय चुकले? आठवड्याभरात कागदी पेले परत आले.

"गुरुजी, पेले आहेत हो माझ्याकडे," तो म्हणाला. "धुणारं माणूस आणा."

नवरात्रात गडावर पायी निघालेली माणसे या रस्त्याने जातात. घोळक्याने येतात, उभ्या उभ्या चहा घेतात आणि पुढे निघतात. त्या गर्दीत पेले विसळायचे म्हणजे दोन माणसे नुसती बादलीपाशीच हवीत.

अशा वेळी कोणीतरी पळसाच्या पत्रावळीची आठवण काढतोच. पेठ-सुरगाण्याकडची पाने, बांबूच्या चोया, जेवणे झाली की पुढे गाईगुरे. ऐकायला मोठे गोड वाटते. मलाही पत्रावळीवरचा गरम वरणभात अजून आवडतो. पण उष्ट्या पत्रावळी उचलायला गावाने कोणाला बसविले होते, हे आपण बोलत नाही. पंगत उठल्यावर त्या पानांवरचे उरलेसुरले ज्यांच्या वाट्याला येई, त्यांना १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी फेकलेले तुकडे खाणे सोडायला सांगितले. पत्रावळ कुजून जात होती हे खरे; पण ती उचलली जात होती ती माणसाच्याच हाताने, आणि त्या हाताची मजुरी कोणी मोजीत नव्हते.

प्लॅस्टिक आपल्याला एवढे का आवडले, याचे उत्तर मला तिथे सापडते. स्वस्त होते, हलके होते, हे सगळे ठीक. पण त्याने आपली त्या हाताशी गाठच पडू दिली नाही. पेला टाकला की संपले! तो पुढे कचरा वेचणारी बाई उचलते, ती आपण चहा पीत असतो तेव्हा तिथे नसते.

अधिसूचनेत मायक्रॉन आहेत, दंड आहे, कैदेचे महिने आहेत. विसळणाऱ्या माणसाचा रोज कोणी द्यायचा, याचा तिच्यात शब्द नाही. चहामागे दोन रुपये जास्त घे, असे मी त्याला सुचविले. तो हसला. "गिऱ्हाईक समोरच्या टपरीवर जाईल, गुरुजी. तिथं कागदीच पेला आहे."

यंदा त्याने पुन्हा मावशीकडे निरोप धाडला आहे. तिने दोन अटी घातल्या आहेत: विसळायला कोमट पाणी, आणि रोज बागेइतका. कोमट पाण्याला तो तयार आहे.