मांजर वाळू का सोडते?

वसई म्हटले की जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर केळीच्या वाड्या, विहिरी, ओटीची घरे आणि परसातील मऊ माती उभी राहते. त्या घरांतील मांजर कोणा एकाचे नव्हते, सर्वांचे होते. दुपारी ते ओटीवर पहुडे, रात्री वाडीत फिरे आणि देहधर्मासाठी केळीच्या आळ्यात जाऊन नखांनी खड्डा उकरी, काम उरकून त्यावर माती ओढी. ते कोठे जाते, हा प्रश्न घरात कोणालाच पडत नसे. २००९ साली वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व आसपासची गावे मिळून एक महानगरपालिका झाली. तोवर अनेक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या. माणसे ओटीवरून चौथ्या-सातव्या मजल्यावर गेली आणि काही घरांत त्यांच्यामागोमाग मांजरही गेले. माती मात्र खालीच राहिली. तिची जागा बाल्कनीतील प्लास्टिकच्या ट्रेने किंवा वाळू भरलेल्या घमेल्याने घेतली.

बहुतेक मांजरे हा बदल विनातक्रार स्वीकारतात. पिल्लाला एकदा वाळू दाखवली की पुढचे त्याला शिकवावे लागत नाही. म्हणूनच दोन-तीन वर्षे नेमाने वाळूत जाणारे मांजर एके दिवशी गादीवर, पायपुसण्यावर किंवा घडी करून ठेवलेल्या धुतल्या कपड्यांवर लघवी करते, तेव्हा घर हादरते. व्यापारी कुटुंबात तर सकाळची घाई ठरलेली असते. दुकान उघडायचे असते, मुलांची शाळा असते, वडीलधाऱ्यांची पूजा असते. अशा वेळी आजी म्हणतात, "याला आता माज आला आहे." सूनबाई मुकाट्याने चादरी भिजत घालतात. नात मांजराला उराशी धरून रडते. आणि आठवडाभर हेच चालले की कोणीतरी तो उपाय सुचवतो, जो मोठ्याने बोलायला सर्वांनाच अवघड वाटते : पोत्यात घालून मासळी बाजाराजवळ सोडून द्यावे, तेथे त्याचे पोट भरेल.

तेथे त्याचे पोट भरत नाही. घरात वाढलेल्या मांजराला बाजारातील बोके आणि कुत्री टिकू देत नाहीत. पाळलेला प्राणी उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार गुन्हाही आहे. पण कायद्याच्या आधी साध्या विवेकाचा प्रश्न येतो. ज्याचा अपराध ठरवायचा, त्याची बाजू कोणी ऐकली आहे काय?

मांजर सूड म्हणून लघवी करीत नाही. काल रागावलेल्या मालकाची गादी आज हेरून भिजवावी, इतका लांबचा हिशेब त्याच्या स्वभावात नाही. पशुवैद्यक या वर्तनाची कारणे प्रामुख्याने तीन ठिकाणी शोधतात : शरीरात, वाळूच्या ट्रेमध्ये आणि घराच्या वातावरणात. शोधाचा क्रमही हाच असावा, कारण पहिल्या कारणात विलंब झाला तर जीव जाऊ शकतो.

मूत्राशयाला सूज आली, मूत्रात खडे वा स्फटिक झाले की लघवी करताना वेदना होतात. वेदना नेमकी वाळूत बसल्यावर होते, म्हणून मांजर वाळूलाच वेदनेचे कारण समजते आणि मऊ, थंड, वेगळी जागा शोधू लागते. गादी किंवा न्हाणीघराची फरशी त्याला त्यासाठीच बरी वाटते. मधुमेह, मूत्रपिंडाचा जुनाट विकार आणि थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक यांत लघवीचे प्रमाण वाढते आणि एक ट्रे पुरेनासा होतो. म्हातारपणी सांधे झिजतात. बारा वर्षांवरील बहुतेक मांजरांच्या एक्स-रेमध्ये ही झीज दिसते. अशा मांजराला ट्रेचा उंच काठ ओलांडणे म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाने पादचारी पूल चढण्यासारखे असते.

यांतील एक प्रसंग घरातील प्रत्येकाने ओळखायला शिकले पाहिजे. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. स्फटिक, श्लेष्मा किंवा सूज यांमुळे तो पूर्ण बंद होऊ शकतो. मग बोका वारंवार वाळूत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, अवयव चाटत राहतो आणि एखादा थेंब पडतो किंवा तोही नाही. घरच्यांना वाटते बद्धकोष्ठ झाला. प्रत्यक्षात मूत्र कोंडलेले असते, रक्तातील पोटॅशियम वाढत असते आणि २४ ते ४८ तासांत हृदय बंद पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. अशा वेळी एरंडेल, घरगुती काढा किंवा सकाळपर्यंत वाट पाहणे, यांपैकी काहीही करू नये. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर कधीच देऊ नये. ती मांजरासाठी विष आहे. जवळचा पशुवैद्य तातडीने गाठावा. वसई-विरारकरांना मोठ्या रुग्णालयाची गरज पडली तर परळचे १८८३ साली स्थापन झालेले बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय आहे आणि २०२४ साली महालक्ष्मी येथे टाटा समूहाच्या न्यासांनी लहान प्राण्यांसाठी उभारलेले रुग्णालयही आहे. कोणत्या ठिकाणी रात्री डॉक्टर असतात, हे फोन करून आधीच विचारून ठेवावे. अशी चौकशी अडचणीच्या वेळी करायची नसते.

हे विकार मांजरालाच इतके का होतात, याचे मूळ त्याच्या कुळात आहे. पाळीव मांजर हे आफ्रिका व पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशांतल्या रानमांजराचे वंशज. पाणी दुर्मीळ असलेल्या मुलखात ते शिकारीतील ओलाव्यावर जगे आणि मूत्र अतिशय घट्ट करून पाणी वाचवी. तीच मूत्रपिंडे घेऊन ते आज फ्लॅटमध्ये बसले आहे. त्याला तहान कमी लागते आणि पुढ्यात बहुधा कोरडे दाणे असतात. त्या दाण्यांत पाण्याचा अंश सुमारे दहा टक्के असतो. ओल्या खाद्यात तो पाऊणशे टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून पाणी वाढवणे हा अर्धा उपचार आहे. रुंद तोंडाची दोन-तीन भांडी वेगवेगळ्या जागी, ट्रेपासून आणि जेवणापासून दूर ठेवावीत व पाणी रोज बदलावे.

येथे आहाराचा विषय टाळता येत नाही, आणि शाकाहारी घरांत तो नाजूक आहे. मांजर दूध-पोळीवर जगते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. परसातील मांजर दूध-पोळी खाऊन जगत होते, कारण उरलेले पोषण ते स्वतः उंदीर-पाखरांतून मिळवी. बंद फ्लॅटमध्ये ती वाट नाही. टॉरिन नावाचे एक पोषकद्रव्य मांजराचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही. ते मांसात असते, धान्यात जवळजवळ नसते. १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की, केसीन म्हणजे दुधातील प्रथिनावर ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा टॉरिनअभावी झिजतो. १९८७ साली कॅलिफोर्नियातील संशोधनातून त्याच कमतरतेने हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे पुढे आले. शिवाय वनस्पतिजन्य आहाराने मांजराचे मूत्र अल्कधर्मी होण्याकडे झुकते आणि स्ट्रुव्हाइट जातीचे स्फटिक अशाच मूत्रात जमतात. म्हणजे स्वयंपाकघरातील सद्हेतू बाल्कनीतील वाळूपर्यंत येऊन पोहोचतो. कृत्रिम टॉरिन घातलेले शाकाहारी खाद्य मिळू शकते. ते निवडणाऱ्याने पशुवैद्याच्या देखरेखीखाली ठरावीक काळाने मूत्रतपासणी करून घ्यावी. काही घरे तयार ओले खाद्य स्वयंपाकघराबाहेर, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या जागी देतात. ज्या घराला यांपैकी काहीच मान्य होणार नाही, त्याने मांजर आणण्यापूर्वीच थांबावे. ते निर्दयपण नव्हे. आणल्यावर त्याला अपुऱ्या आहारावर ठेवणे मात्र त्या जिवावर अन्याय करणे आहे.

शरीर निर्दोष ठरले तर ट्रेकडे वळावे. या ट्रेतील मातीची कहाणी व्यापारी वाचकांना रुचेल अशी आहे. १९४७ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एडवर्ड लोव नावाचा तरुण वडिलांच्या धंद्यात लाकडाचा भुसा आणि तेल शोषणारी माती विकत असे. शेजारणीला मांजरासाठी वाळू हवी होती. त्याने तिला दाण्यांच्या रूपातील ती माती दिली. ती म्हणजे आपली मुलतानी माती ज्या जातीची आहे, त्याच जातीची. शेजारीण पुन्हा मागायला आली, तेव्हा लोवने पिशव्या भरून त्यावर नाव लिहिले आणि नवा धंदा उभा राहिला. पुढे ओलाव्याने गोळा होणारी बेंटोनाइट माती आली. ही माती भारतात कच्छ आणि बाडमेर येथे निघते. या मासिकाच्या अनेक वाचकांची मूळ गावे त्याच बाजूची आहेत.

माती कोणतीही असो, मांजराच्या अटी थोड्या आणि ठाम असतात. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट असावा. माती दोन-तीन बोटे खोल, बारीक आणि बिनवासाची असावी. गुलाबाचा किंवा लिंबाचा सुगंध माणसासाठी घातलेला असतो, मांजराच्या नाकाला तो झोंबतो. मळ दिवसातून किमान एकदा काढावा. घरात जितकी मांजरे, त्याहून एक ट्रे जास्त असावा, आणि सगळे ट्रे एका ओळीत नसावेत, कारण एक दांडगट बोका एकाच जागी बसून सर्वांची वाट अडवू शकतो. धुलाई यंत्राशेजारी ट्रे ठेवला आणि यंत्र ऐन वेळी गडगडले, तर मांजर ती जागा पुन्हा न वापरण्याचा निश्चय करते. वसईच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. बाल्कनीत पावसाची झड येते, वाळू भिजून चिखल होतो आणि घरच्यांच्या ते ध्यानात येत नाही. जून ते सप्टेंबर ट्रे आतल्या कोरड्या जागी घेतला, एवढ्यानेच काही घरांतील तक्रार मिटते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. बसून, सपाट जागी, भरपूर लघवी केली असेल तर ट्रे किंवा आजार यांचा विचार करावा. उभे राहून, शेपूट थरथरवत, भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशी पिचकारी मारली असेल तर ते हद्द आखणे आहे. खिडकीबाहेरील परका बोका दिसला तरी ते सुरू होते. नसबंदीनंतर सुमारे नव्वद टक्के बोक्यांत हे बंद होते किंवा खूप कमी होते.

तिसरे कारण सर्वांत कमी दिसते. तरुण व मध्यमवयीन मांजरांच्या मूत्राशयाच्या तक्रारींपैकी अर्ध्याहून अधिक वेळा जंतू किंवा खडे सापडत नाहीत. सूज असते, कारण मिळत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा विकाराची २० आणि निरोगी १२ मांजरे पाहिली गेली. देखभाल करणारा माणूस किंवा दिनक्रम बदलला की निरोगी मांजरांनीही खाणे सोडले, उलट्या केल्या, ट्रेबाहेर लघवी केली. याचा अर्थ हा की, माणसाला शुल्लक वाटणारा बदल मांजराच्या शरीरात उतरतो. दिवाळीपूर्वीची रंगरंगोटी, फटाके, लग्नाचे पाहुणे, नवे बाळ, नवे सामान, दुसऱ्या शहरात शिकायला गेलेली नात, यांपैकी एखादी गोष्ट त्या पहिल्या भिजलेल्या गादीच्या आधी घडलेली असते. तिची तारीख शोधावी. उंचावर बसण्याची जागा, लपायला एक खोका, ठरलेल्या वेळी जेवण आणि रोज थोडा खेळ, हे उपाय स्वस्त आहेत आणि त्यांचा गुण येतो.

मारणे, नाक लघवीत घासणे किंवा ओरडणे यांनी भीती वाढते आणि भीतीने विकार वाढतो. भिजलेली जागा फिनेलने पुसू नये. फिनॉलवर्गातील द्रव्ये मांजराचे यकृत पचवू शकत नाही, आणि अमोनियायुक्त द्रावणाचा वास तर त्याला लघवीसारखाच वाटतो. एन्झाइम असलेले स्वच्छताद्रव्य वापरावे, म्हणजे जुना वास उरत नाही.

आणि एक वही ठेवावी. व्यापारी घराला रोजकीर्द शिकवावी लागत नाही. तारीख, वेळ, जागा, लघवी किती, त्या दिवशी घरात काय घडले, पाणी व खाणे किती झाले, एवढे स्तंभ पुरेत. दोन आठवड्यांच्या नोंदींतून पशुवैद्याला जे कळते, ते तपासणीच्या टेबलावर घाबरून बसलेल्या मांजराकडून कळत नाही. पुष्कळदा ती वही वाचताना घरच्यांनाच कारण सापडते : ट्रे हलवल्याची तारीख, नाहीतर काम करणाऱ्या बाई बदलल्याची. मग चादरी धुण्याचे काम थांबते आणि पोते माळ्यावरच राहते.