पद न मिळालेला संत

संत ओळखायचा तो चमत्कारावरून, असं मी अर्धं आयुष्य धरून चाललो होतो. शेगावच्या पंचक्रोशीत वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. विस्तवावाचून पेटलेली चिलीम, कोरड्या विहिरीला लागलेलं पाणी, हे सगळं पारायणातून लहानपणापासून कानावर पडलेलं. गजानन महाराजांवरची माझी श्रद्धा आजही तशीच आहे. पण संताचं मोठेपण मी आता वेगळ्या ठिकाणी शोधतो, आणि तिथे मला नेलं ते वसईच्या एका कॅथलिक संताने.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म 1557 च्या सुमाराचा, वसईचा. वडील पोर्तुगीज, आई कोकणातली. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस साथीदारांसह त्यांना क्रुसावर चढवून भाल्याने मारलं गेलं. सुरुवातीला मी एवढंच वाचलं होतं आणि ते माझ्या समजुतीत बसलंही. असामान्य मरण आलं, म्हणून संत. मग त्यांचं जगणं वाचलं आणि ती समजूत सुटत गेली.

पोरसवदा वयात ते येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तिथली भाषा शिकले, लोकांना धर्मशिक्षण देत राहिले. त्यांची एकच आस होती, आपल्याला संघात घ्यावं. ते झालं नाही. एवढी वर्षं राबून दार उघडलं नाही, तर माणूस एक तर कडवट होतो नाहीतर श्रद्धाच सोडतो. गोन्सालो व्यापारात पडले, तिथे त्यांचा जम बसला. तरीही सगळं सोडून ते मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तेही फादर म्हणून नव्हे, साधे ब्रदर म्हणून.

1593 मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली मनिलाहून एक शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशीकडे गेलं. गोन्सालो त्यात दुभाषे होते. प्रमुख दुसरा, निरोप दुसऱ्याचा. यांनी तो नीट पोचवायचा. पुढे क्योतोत या मंडळींनी महारोग्यांसाठी दवाखाने चालवले. 1596 मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, मिशनऱ्यांच्या मागून सैन्य येईल असा संशय बळावला आणि धरपकड झाली. डाव्या कानाची पाळी कापून भर हिवाळ्यात त्या सगळ्यांना नागासाकीपर्यंत नेलं.

कोणी म्हणेल, नागासाकी घडलं नसतं तर 1862 मध्ये त्यांना संतपद मिळालं नसतं. खरं आहे, चर्च त्यांना रक्तसाक्षी म्हणूनच मान देतं. पण त्या टेकडीवरचा धीर एका सकाळी आला असं मला वाटत नाही. नकार पचवताना, दुसऱ्याचे शब्द आपल्या तोंडी घेताना, रोग्यांच्या जखमांपाशी बसताना तो जमत गेला असणार.

हे उमगल्यावर मला शेगावही नव्याने दिसलं. आषाढीनंतर पालखी पंढरपूरहून परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव रस्ता माणसांनी फुलून जातो. मंदिरापाशी चपला ठेवायच्या जागी पांढऱ्या कपड्यांतला सेवेकरी चिखलाने बरबटलेले जोड दोन्ही हातांनी घेतो, फडताळात ठेवतो आणि टोकन पुढे करतो. घरी तो कोण आहे, कुणी विचारत नाही. तो सगळ्यांना माउली म्हणतो, सगळे त्याला माउली म्हणतात. पूर्वी माझं लक्ष थेट समाधीकडे असायचं, तो माणूस मला दिसतच नसे.

आता नवस बोलणं मी बंद केलं आहे. हवी होती ती जागा मिळाली नाही, असं माझ्याही आयुष्यात झालं आहे, आणि त्याचा सल मी देवासमोर बरीच वर्षं उगाळला. गोन्सालोंनी मला शिकवलं, की देवाने आपलं ऐकलं की नाही, हे मिळालेल्या पदावरून ठरत नाही. वाट्याला आलेलं काम हलकं न मानता जो मनापासून करतो, त्याची श्रद्धा खरी. चमत्कार ज्यांना दिसले, त्यांनी ते सांगावेत. मी मात्र माझ्या मुलांना आता आधी गोन्सालोंना मिळालेल्या नकाराची गोष्ट सांगतो.