जालन्याचं बंदर, खांदेरीचा दिवा

जालन्यात समुद्र नाही, पण बंदर आहे. दिनेगाव स्टेशनच्या आसपास, दरेगाव आणि जवसगावच्या शिवारात, जवाहरलाल नेहरू बंदराच्या ड्राय पोर्टची पायाभरणी २०१५ च्या डिसेंबरात झाली. कल्पना साधी आहे. कंटेनर इथंच भरायचा, कस्टमचे कागद इथंच उरकायचे आणि माल रेल्वेनं थेट न्हावा-शेव्याला पाठवायचा. पुण्यातल्या मित्रांना ‘आमच्याकडं बंदर आहे’ सांगितलं की ते आधी हसतात, मग गुगल मॅप उघडतात.

हसू देत. जालन्याचं समुद्राशी नातं ड्राय पोर्टच्या आधीपासूनचं आहे. आमच्याकडच्या स्टीलच्या भट्ट्या भंगारावर चालतात आणि त्यातलं बरंच भंगार बोटीनं परदेशातून येतं. माझे वडील रोलिंग मिलमध्ये होते. कुठल्या तरी देशातल्या मोडीत निघालेल्या गाड्या आणि यंत्रं वितळून त्यांच्या सळया व्हायच्या, हे मी लहानपणापासून ऐकलंय. पुढं कधीतरी कळलं की हे भंगार घेऊन येणारी बोट रात्री मुंबई बंदराच्या तोंडाशी येते तेव्हा तिच्या डाव्या हाताला कुलाब्याच्या टोकापलीकडचा प्राँग्जचा दीपस्तंभ असतो आणि उजव्या हाताला खांदेरीचा. प्राँग्ज १८७५ चा, खांदेरी त्याच्याही आधीचा, १८६७ चा. तेव्हापासून खांदेरी बघायची होती.

वाचत गेले तसा आणखी एक धागा सापडला, आणि तो जरा अस्वस्थ करणारा आहे. १६७९ च्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडारीनं खांदेरीवर तट बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांना ते परवडणारं नव्हतं. बेट त्यांच्या दारातच होतं. सप्टेंबरात त्यांनी किनाऱ्यावर उतरायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा अधिकारी आणि काही माणसं मारली गेली. ऑक्टोबरात दौलत खानाचं आरमार नागावच्या खाडीतून बाहेर पडलं आणि मोठी चकमक झाली. इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. ‘रिव्हेंज’ हे त्यांचं मोठं जहाज मात्र टिकून राहिलं आणि मराठ्यांना मागं फिरावं लागलं. म्हणजे ती लढाई निखळपणे कुणीच जिंकली नाही. तरी बेटावर दगड, चुना, दाणागोटा पोचत राहिला. मराठ्यांच्या होड्या हलक्या होत्या, उथळ पाण्यातून रात्री सटकायच्या. इंग्रजांच्या जड जहाजांना ते जमत नव्हतं. १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी नाद सोडला. त्याच सुमाराला सिद्दीनं शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं.

या सगळ्याच्या मधे नोव्हेंबर १६७९ येतो. त्या महिन्यात महाराज जालन्यात होते. जालना तेव्हा मोगलाईतलं श्रीमंत पेठेचं गाव होतं. ते चार दिवस लुटलं गेलं. व्यापाऱ्यांनी एका सुफी संताच्या आश्रयाला धाव घेतल्याच्या हकिकती आहेत. परतीच्या वाटेवर मोगल फौजेनं गाठलं आणि महाराज बहिर्जी नाईकांनी दाखवलेल्या आडवाटेनं पट्टा किल्ल्यावर पोचले. शाळेत आम्हाला हे शिकवलं ते दोन वाक्यांत, आणि ‘जालना म्हणजे आपलं गाव’ असं न म्हणता. एका बाजूला समुद्रात तट चढतोय, इंग्रजांशी झुंज चाललीय, त्याच हंगामात आमच्या गावच्या पेठेतून लूट निघालीय. पैसा लागत होता हे उघड आहे. जालन्यातला नेमका किती पैसा कुठं गेला हे मी सांगणार नाही, तसा दावा करणं सोपं आणि खोटं होईल. पण ‘खांदेरीशी तुमचा काय संबंध’ असं कुणी विचारलं तर माझ्याकडं उत्तर आहे.

गेल्या डिसेंबरात देवगिरीनं मुंबई, मग भाऊच्या धक्क्यावरून रेवस, तिथून अलिबागमार्गे थळ. खांदेरीला जाणारी होडी थळच्या किनाऱ्यावरून भरतीची वेळ बघून सुटते. होडीवाल्या काकांनी विचारलं, “कुठनं आलात?” जालना म्हटल्यावर त्यांनी बराच वेळ विचार केला. मी ड्राय पोर्टचं सांगितलं. “समुद्र नाय, मग बंदर कशाला?” म्हणाले. नंतर उंदेरी डाव्या हाताला टाकून होडी पुढं निघाली आणि बोलणं इंजिनाच्या आवाजात बुडालं.

खांदेरीवर दोन टेकड्या आहेत. धक्क्यावर उतरलं की काका आधी वेताळाकडं गेले. देवळात मूर्ती नाही, पांढरा रंगवलेला मोठा दगड आहे. दर्यावर जाणाऱ्या कोळ्यांचा हा देव. पुढं एक खडक आहे, त्यावर दगडानं ठोकलं की भांड्यावर मारल्यासारखा खणखणीत आवाज येतो. तिथं सगळे व्हिडिओ करतात, मीही केला. चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या तोफा इथं अजून आहेत, आणि महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर तोफगाड्यासकट तोफ दिसणं फार दुर्मीळ. मिलमधल्या माणसाची मुलगी असल्यामुळं माझं लक्ष तोफांपेक्षा चाकांकडं जास्त गेलं. समुद्राच्या वाऱ्यात इतकी वर्षं टिकलेलं लोखंड मी पहिल्यांदाच बघत होते.

आणि उंच टेकडीवर दीपस्तंभ. चौकोनी इमारतीच्या डोक्यावर अष्टकोनी मनोरा, सुमारे २५ मीटर उंच. मनोऱ्यात मी चढले नाही, त्याला परवानगी लागते. पायथ्याशी उभं राहिलं तरी पुरतं. उत्तरेला धूसर मुंबई, किनाऱ्याच्या बाजूला उंदेरी, आणि पश्चिमेकडून बंदरात शिरायला थांबलेल्या बोटी. कुठल्याही पुस्तकाशिवाय कळतं की १६७९ मध्ये हे बेट का हवं होतं आणि १८६७ मध्ये दिवा इथंच का लागला. मधल्या काळात बेट आंग्र्यांकडं होतं. नोव्हेंबर १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून यानं आरमार पाठवून ते घ्यायचा प्रयत्न केला आणि हात हलवत परत गेला. पेशवाई बुडाल्यावर ते कंपनीच्या पदरात पडलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं मुंबईच्या कापसाला तेजी आली, बंदरातली वर्दळ वाढली, आणि जे बेट मिळवायला इंग्रज जंग जंग पछाडत होते त्यावर त्यांनी मनोरा बांधला. किल्ल्याला बघायचं असतं, दिव्याला दिसायचं असतं. जागा मात्र दोघांना एकच लागते.

जुन्या दीपस्तंभांत दिव्याइतकंच महत्त्व भिंगाला असायचं. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं १८२० च्या दशकात एका जाड भिंगाऐवजी काचेच्या कापलेल्या कड्यांची रचना केली. त्यामुळं इकडं तिकडं उधळणारा उजेड गोळा होऊन एका झोतात जाऊ लागला. हे भिंग घड्याळासारख्या यंत्रावर फिरायचं, त्याची वजनं रात्रीतून अनेकदा माणसानं वर ओढायची. दर दीपस्तंभाची उघडझाप वेगळी, म्हणजे सेकंद मोजून खलाशी सांगू शकतो की आपण कुठल्या किनाऱ्यासमोर आहोत. लोकेशन शेअर करण्याची ही जुनी पद्धत, फक्त इथं बेट आपलं लोकेशन सगळ्यांना पाठवतं.

आता जपण्याबद्दल. ११ जुलै २०२५ ला ‘मराठा लष्करी भूदृश्यं’ या नावानं १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात खांदेरी आहे. त्या आठवड्यात माझा फोन रायगडाच्या रील्सनी भरून गेला, खांदेरीच्या मात्र दोन-चारच दिसल्या. आनंद झालाच. पण या बेटाचे धनी अनेक आहेत. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या यादीत, बेट नि दिवा वर्षानुवर्षं मुंबई बंदराकडं, वेताळ कोळ्यांचा. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं गेलं, ते योग्यच झालं. तरी काकांच्या तोंडी खांदेरीच आहे.

मला भीती दोन गोष्टींची वाटते. एक म्हणजे, किल्ला ‘आपला’ आणि मनोरा ‘त्यांचा’ अशी वाटणी. इंग्रजांचं बांधकाम कशाला सांभाळायचं, असं एक जण होडीत म्हणालाच. मला उलट वाटतं. तट बांधू नये म्हणून ज्यांनी जहाजं आणली, त्यांनाच दोनशे वर्षांनी कबूल करावं लागलं की महाराजांनी हेरलेली जागा अचूक होती. या मनोऱ्याइतका ठळक कबुलीजबाब दुसरा कुठला मिळणार? तो काढून टाकला तर १६७९ ची गोष्टही अर्धी राहते.

दुसरी भीती डागडुजीची. १९२७ चा दीपस्तंभ कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा कायदा आला. केंद्र सरकारला आपल्या ताब्यातले दीपस्तंभ ‘वारसा दीपस्तंभ’ म्हणून जाहीर करता येतात अशी त्यात सोय आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत देशातल्या ७५ दीपस्तंभांवरच्या पर्यटन सोयींचं लोकार्पण झालं. संग्रहालय, बाग, उपाहारगृह, खुलं नाट्यगृह अशी त्यांची यादी वाचली. चांगलं आहे, पण यादीत चुना कुठं आहे? जुनं दगडी बांधकाम चुन्यात असतं. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, खाऱ्या पाण्यातलं मीठ दगडाच्या पोटात साठतं आणि पापुद्रे सुटायला लागतात. सळई घालून काँक्रीट ओतलं तर आणखी वाईट. मीठ सळईपर्यंत पोचतं, लोखंड गंजतं, आणि गंज मूळ लोखंडाच्या काही पट जागा घेतो. आतून फुगून तो काँक्रीट फोडतो. जालन्याच्या मुलीनं सळईविरुद्ध बोलावं हे घरी आवडणार नाही. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “बरोबर आहे की. आपली सळई घरासाठी आहे, समुद्रासाठी नाही.”

काकांना विचारलं, आता सगळ्यांकडं जीपीएस आहे, मग दिवा कशाला लागतो? त्यांनी खिशातला फोन दाखवला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंडाला रबर गुंडाळून ठेवलेला. “हा भिजतो,” म्हणाले. “चार्जिंग संपतं. रेंज जाते.” मोठ्या जहाजांवर एकाला चार यंत्रं असतात. पहाटे अंधारात जाळं ओढून परतणाऱ्या छोट्या होडीवर एक फोन आणि एक माणूस असतो.

त्या रात्री थळमध्येच राहिले. जेवण झाल्यावर किनाऱ्यावर गेले तेव्हा ओहोटी लागली होती, होड्या वाळूवर कलंडलेल्या. लांब खांदेरीचा दिवा लागत होता, विझत होता, आणि उंदेरीचा तट मधेच कुठंतरी अंधारात होता. मी सेकंद मोजत बसले. काका थोड्या अंतरावर, बॅटरीच्या उजेडात जाळ्याचा फाटलेला भाग विणत होते. त्यांची पाठ समुद्राकडं होती. तासाभरात त्यांनी एकदाही मागं वळून दिव्याकडं पाहिलं नाही.