पोचपावती

सांगलीच्या गावभागातील एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या आजींच्या उशाशी गेल्या वर्षापासून जपमाळ आणि चष्मा यांच्या जोडीला एक दोनशे पानी वही असते. तिच्यात डावीकडे देवनागरीत लिहिलेले इंग्रजी शब्द आहेत आणि उजवीकडे त्यांचे अर्थ. हे शब्द बाजारहाटाचे नाहीत, विमानतळावर उपयोगी पडणारेही नाहीत. अफेक्शन, हर्ट, लोन्ली, प्राऊड, डिझर्व्ह, सेल्फ-एस्टीम. अकरावी मॅट्रिकला इंग्रजीत जेमतेम उत्तीर्ण झालेल्या आजींनी अडुसष्टाव्या वर्षी असले शब्द का गोळा करावेत?

कारण एका मफलरचे आहे.

न्यू जर्सीहून बारा वर्षांची नात नाताळच्या सुट्टीत आली होती. तिने स्वतः विणायला शिकून आजींसाठी एक मफलर आणला होता. दोन ठिकाणी टाके सुटलेले, एक कड दुसरीपेक्षा लांब. आजींनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि आपल्या घराघरांत अशा वेळी जे म्हटले जाते तेच म्हटले, “कशाला गं एवढा खटाटोप? मला म्हातारीला काय करायचंय? तुझ्या आईला शोभेल, तिला दे.” मफलर कपाटात गेला. रात्री त्या मुलीने वडिलांना विचारले, “आजीला माझ्याकडून काही नको असतं का?” मुलाने ही गोष्ट परत गेल्यानंतर, फोनवर, सहज म्हणून सांगितली. आजींना त्या रात्री झोप लागली नाही.

ज्या नकारात त्यांच्या लेखी सगळा आनंद होता, तो मुलीला नुसताच नकार ऐकू आला होता. दोष कोणाचा? कोणाचाच नसावा. आपल्याकडे कौतुक स्वीकारण्याची रीतच नकारातून जाते. ‘छे, जुनीच साडी आहे,’ ‘आज भाजी बिघडलीच जरा’ ही उत्तरे आजींच्या पिढीने इतकी घोटली की ती श्वासासारखी झाली. घरात ‘धन्यवाद’ म्हटले तर माणसे विचारतात, ‘आभार मानायला मी काय परका आहे?’ शाळेतल्या इंग्रजीनेही या बाबतीत काही शिकवले नव्हते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून कर्तरी-कर्मणी पाठ झाले, मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिता आला. पण मनातले सांगण्याचे इंग्रजी त्या धड्यांच्या वाट्याला आलेच नाही.

शब्दांचे मराठी अर्थ काही नवे नाहीत. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीच मुंबईत निघाला. माया, लळा, ओढ, जिव्हाळा असे शब्द असणाऱ्या भाषेला प्रेमाची वाण तरी कशी असेल! कोश अर्थ देतो, तो शब्द केव्हा आणि कोणाजवळ उच्चारायचा हे सांगत नाही, इतकेच.

शेजारी इंग्रजी घेऊन बी. ए. करणारी एक मुलगी राहते. दुपारी ती आजींना शब्द सांगते, कधी त्यांचे मूळही वाचून दाखवते. एस्टीम आणि एस्टिमेट ही एकाच लॅटिन धातूची लेकरे आहेत हे कळले तेव्हा आजी खूप हसल्या. वाड्याची कौले बदलताना गवंड्याने दिलेले एस्टिमेट त्यांना चांगलेच आठवत होते. “म्हणजे आपणच आपलं एस्टिमेट काढायचं! आम्हाला ते कमीत कमीच काढायला शिकवलं गं.”

डिझर्व्ह या शब्दाने मात्र त्यांना त्रास दिला. सून नेहमी म्हणते, ‘यू डिझर्व्ह इट, आई.’ त्या शब्दाच्या पोटात सर्व्ह आहे. मन लावून सेवा करणे हा त्याचा मूळ अर्थ. आजींनी जन्मभर वाढले, सगळ्यांची पाने उठल्यावर स्वतः बसल्या. त्या हिशेबाने त्यांच्याइतके लायक कोण? पण त्यांना हा हिशेबच पटेना. “नातीनं जन्मल्याबरोबर कुणाची सेवा केली होती? तिच्यावर माया करताना आम्ही तिची लायकी तपासली का?” आजींचे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे. पगार, सुट्टी, बक्षीस यांना हा शब्द शोभतो. मायेला तो तोकडाच पडतो. वहीत त्यापुढे अर्थ लिहून कंसात ‘आपल्यासाठी नाही’ असा शेरा आहे.

खरा पेच सेल्फ-एस्टीमचा होता. दशलक्षणात दरवर्षी उत्तम मार्दवाच्या दिवशी मान सोडण्याविषयी ऐकलेले. मग स्वतःची किंमत ओळखणे म्हणजे मानच नव्हे का? गंमत अशी की मान आणि माया हे दोन्ही शब्द घरात गोड आणि शास्त्रात कषाय. तिथे माया म्हणजे कपट. आजींनी यावर बरेच दिवस विचार केला आणि एका दुपारी त्या मुलीला म्हणाल्या, “मला तो मफलर हवा होता. हवा असून नको म्हटलं, ही झाली शास्त्रातली माया. आणि मला कुणाचं काही लागत नाही, हा माझा मान. दोन्ही एकाच वाक्यात आले बघ.”

‘घेणे’ यासाठी इंग्रजीत टेक, अक्सेप्ट, रिसीव्ह अशी क्रियापदे आहेत हे त्यांनी लिहून घेतले. त्यांतले रिसीव्ह ओळखीचे निघाले. यजमानांच्या कापडदुकानाची पावतीपुस्तके अजून माळ्यावर आहेत. प्रत्येक पानावर वर छापलेले, ‘रिसीव्हड् विथ थँक्स’. चाळीस वर्षे ती पुस्तके त्यांनी झाडून-पुसून ठेवली होती. रक्कम केवढीही असो, पोच दिल्याशिवाय गिऱ्हाइकाला पाठवायचे नाही, हा यजमानांचा शिरस्ता होता.

नातीचा फोन रविवारी येतो. इकडे सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकून दिवे लागलेले असतात, तिकडे सकाळ. एका रविवारी आजींनी तीन वाक्ये पाठ केली होती. पडद्यावर नात दिसताच तिन्ही विसरली. सांगलीचा एप्रिल, डोक्यावर पंखा, आणि आजींच्या गळ्यात तो लोकरी मफलर.

“आजी! तुला गरम नाही होत?”

“होतंय,” आजी म्हणाल्या. मग सुटलेल्या टाक्यांवरून बोट फिरवीत एकेक शब्द सावकाश, “रिसीव्हड्. विथ. थँक्स.”

मुलगी आधी हसली, मग थोडा वेळ गप्प झाली. फोन ठेवताना तिने नेहमीप्रमाणे म्हटले, “लव्ह यू, आजी.” या वाक्याला आजींचे आजवरचे उत्तर ‘बरं बरं, ठेव आता’ असे असे. ते ओठांपर्यंत आलेही.

“लव्ह यू टू,” आजी म्हणाल्या. “आणि नाश्ता केलास का?”