अठ्ठ्याऐंशी श्रेयांकांचा हिशेब

आपल्या घरातील मुलीने सी.ए. किंवा एम.बी.ए. करावयाचे म्हटले, तर त्यासाठी काय करावे लागते हे कोणाला विचारावे लागत नाही. तिने मानसशास्त्रात एम.ए. करावयाचे म्हटले, की दोन प्रश्न हमखास येतात. हे शिक्षण कशाचे? आणि दोन वर्षांनी हाती काय पडणार? पहिल्या प्रश्नामागे बहुधा पूर्वग्रह असतो. दुसरा मात्र व्यापारी माणसाचा रास्त प्रश्न आहे आणि त्याला नीट उत्तर द्यावयास हवे.

धुळ्याच्या माझ्या मावसभावाने हाच प्रश्न मला केला. त्याच्या सुनेने विवाहापूर्वी मानसशास्त्रात बी.ए. केले होते. आता नातू शाळेत जाऊ लागल्यावर तिला पुढे शिकावयाचे होते. “काकाजी, मी घरी बसून परीक्षा देईन, दुकानाला आणि घराला अडचण होणार नाही,” असे तिने मला सांगितले. कर्जमंजुरीपूर्वी कागद वाचण्याची सवय बँकेने लावलेली असल्याने मी आधी नियम वाचले.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची असते. बँकेतले क्रेडिट आणि हे क्रेडिट निराळे. येथे एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तासांचे अध्यापन, प्रात्यक्षिक असल्यास ३० तास. प्रत्येक सत्रात २२ श्रेयांक, म्हणजे किमान ३३० तास. मुख्य आणि ऐच्छिक विषयांखेरीज संशोधन पद्धतीचे ४ श्रेयांक, प्रत्यक्ष कार्यानुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्पाचे ४, आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाचे ४ व ६ असे १० श्रेयांक असतात. पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक पूर्ण करून थांबावे लागले, तर पदव्युत्तर पदविका मिळते. केलेले कष्ट बुडीत खाती जात नाहीत. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना हीच पदवी एका वर्षात घेता येते.

या विषयात संख्याशास्त्रही आहे, हे ऐकून माझा मावसभाऊ चकित झाला. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध हे सारे शिकावे लागते. चाचण्या घ्याव्या लागतात, त्यांचे अहवाल लिहावे लागतात, आणि ज्याच्यावर अभ्यास करावयाचा त्याची संमती घ्यावी लागते. त्याने सांगितलेले बाहेर न बोलणे हाही शिक्षणाचाच भाग. खातेदाराची शिल्लक शेजाऱ्याला सांगू नये, तसेच हे.

घरी बसून परीक्षा देण्याचा मार्ग मात्र आता बंद झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली. त्याला २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायविषयक कायद्याचा आधार आहे. म्हणजे वर्गात बसणे आले, ये-जा आली, आणि सकाळी दुकान उघडताना घरातील एक माणूस कमी होणे आले. हा खर्च कुटुंबाने आधीच मोजावा.

हाती काय पडणार, याचेही उत्तर स्पष्ट आहे. केवळ एम.ए. करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील व्याख्येनुसार त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेले शिक्षण लागते, एम.ए.नंतर देखरेखीखालील दोन वर्षांचे पूर्णवेळ प्रशिक्षण हा त्याचा परिचित मार्ग. औषधे देण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचा. शाळेतील समुपदेशन, मनुष्यबळ विभाग, अध्यापन या वाटा एम.ए.नंतर खुल्या होतात, पण प्रत्येकीची पात्रता निराळी. प्रवेशाआधी ती विचारून घ्यावी.

मग एवढे करावे कशाला? आपल्या समाजात डोकेदुखी सांगितली जाते, मनाचे दुखणे मात्र सोयरिकीच्या भीतीने झाकले जाते. कापसाच्या व्यवहारात फटका बसलेला तरुण दुकानात येईनासा झाला, तर ‘थोडी तब्येत बरी नाही’ एवढेच बाहेर सांगतात. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. पण आपल्या बोलीत, आपल्या घरांची रीत जाणून ऐकणारे माणूस जवळ असणे ही निराळी गोष्ट.

आपल्या विद्यापीठाला ज्या बहिणाबाईंचे नाव आहे, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी मनाविषयीची त्यांची कविता खानदेशात घरोघरी ठाऊक आहे. मनाचे मोल या मातीला नवे नाही. त्याचे रीतसर शिक्षण घेऊ पाहणाऱ्या लेकी-सुनांना आपण दोन वर्षांचा वेळ द्यावयाचा की नाही, एवढाच प्रश्न उरतो. मावसभावाने तो सुटसुटीतपणे सोडवला: सकाळची गल्ल्याची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली. आकडे समजल्यावर माणूस धास्तावत नाही, तो तरतूद करतो.